अंगठ्याचे ऋण

संध्याकाळी सहाच्या सुमारास एचएसआर लेआउटमधून फेरफटका मारावा. पाठीवर गिटारची काळी पिशवी अडकवून क्लासला निघालेली दोन-चार मुले हमखास दिसतात. होसूर-सर्जापूर रोड या नावाची आद्याक्षरे घेऊन वसलेली बेंगळुरूची ही वसाहत. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली आहेत. पुण्या-नाशिकची, कोल्हापूर-बेळगावची मराठी घरेही त्यांत आहेत.

अशाच एका घराची कल्पना करावी. बेळगावहून आजोबा महिनाभर राहायला आलेले आहेत. आतल्या खोलीत बारा वर्षांच्या नातीचा सराव चाललेला. आजोबा थोडा वेळ ऐकतात आणि हाक मारतात, "अगं, तुझ्याबरोबर आणखी कोण वाजवतंय?"

"कोणी नाही आजोबा, मी एकटीच आहे!"

आजोबांचा विश्वास बसत नाही. ते उठून खोलीत डोकावतात, तर खरेच एकटी! उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर ठेका धरून चाललेला आणि उरलेली बोटे बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवताहेत. "ही चेट ॲटकिन्सची पद्धत आहे," नात ऐटीत सांगते. तेवढ्यात बाहेर लॅपटॉपवर काम करणारे तिचे बाबा म्हणतात, "तोच ना, ज्याने खऱ्या कंट्री संगीताचा गळा घोटला?"

नातीचा चेहरा उतरतो. ज्याची विद्या आपण मनापासून घोकतो आहोत, तोच गुन्हेगार निघाला तर?

बाबांनी केलेला आरोप त्यांच्या पदरचा नाही. साठ-पासष्ट वर्षे तो होत आला आहे. पण तो खरा किती आणि अपुरा किती, हे एकदा नीट पाहायला हवे. कलावंताचे मोठेपण कशावर मोजायचे, हा प्रश्न काही एकट्या अमेरिकेचा नाही.

आरोप काय आहे?

कंट्री म्हणजे अमेरिकेतले रानातले, डोंगरातले, शेतामळ्यातले संगीत. शेतकरी, रेल्वेचे कामगार, कोळशाच्या खाणीतले मजूर यांची सुखदुःखे सांगणारी ही गाणी. साथीला फिडल म्हणजे व्हायोलिन, बँजो, गिटार आणि तारांवर धातूची कांडी घसरवून वाजवायची स्टील गिटार. टेनेसी राज्यातले नॅशव्हिल हे या संगीताचे पंढरपूर. तिथला 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम १९२५ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे.

१९५५-५६च्या सुमारास एल्व्हिस प्रेस्ली आणि रॉक अँड रोलची लाट आली. तरुण मुले तिकडे वळली आणि कंट्रीच्या रेकॉर्डींचा खप घसरला. १९५७ साली आरसीए या रेकॉर्ड कंपनीने नॅशव्हिलच्या कामाची सूत्रे चेट ॲटकिन्स या गिटारवादकाच्या हाती दिली. त्याने आणि डेक्का कंपनीच्या ओवेन ब्रॅडलीने गाण्याचा पेहराव बदलला. फिडल आणि स्टील गिटार मागे गेली. मुलायम व्हायोलिनसमूह आला, मागे हळुवार कोरस आला, आणि गायक मायक्रोफोनजवळ येऊन कुजबुजल्यासारखा गाऊ लागला. याला नाव पडले 'नॅशव्हिल साउंड'.

तो खपला आणि अफाट खपला. जिम रीव्ह्जचे 'ही'ल हॅव टु गो' हे गाणे १९६० साली कंट्रीच्या यादीत पहिले आलेच, शिवाय साऱ्या अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पण जुन्या रसिकांना वाटले, मातीचा वास गेला आणि अत्तर आले. गावाकडचे पोर शहरात नेऊन त्याला सूटबूट चढवला.

खुद्द ॲटकिन्सला कोणी 'नॅशव्हिल साउंड म्हणजे काय?' असे विचारले की तो खिशात हात घालून नाणी खुळखुळवायचा, अशी आठवण सांगतात. उतारवयात त्याने हेही मान्य केले होते की, कंट्रीला शहराकडे ओढताना आपला हात जरा जास्तच जोरात गेला. म्हणजे फिर्यादीचा अर्धा मुद्दा आरोपीनेच कबूल केलेला. मग बचाव तो काय करायचा?

बचाव करायचा, कारण फिर्यादीत उरलेले अर्धे आयुष्य आलेलेच नाही.

दम्याचे पोर

चेस्टर बर्टन ॲटकिन्सचा जन्म २० जून १९२४चा, टेनेसीतल्या लट्रेल या खेड्यातला. घरची गरिबी. आईवडील लहानपणीच विभक्त झाले. पहिले वाद्य हाती आले ते युकुलेली. नऊ वर्षांचा असताना त्याने एक जुने पिस्तूल आणि वर काही घरकामे अशा मोबदल्यात भावाकडून गिटार मिळवली.

त्यातच दमा. तो इतका बळावला की पोराला वडिलांकडे जॉर्जिया राज्यात पाठवावे लागले. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून तो रात्री सरळ पाठीच्या खुर्चीत बसून झोपायचा. झोप येईपर्यंत मांडीवर गिटार, आणि तशीच ती हातात धरून डोळा लागायचा. ही सवय त्याला जन्मभर राहिली. दम्याच्या रुग्णाने रात्र कशी काढायची असते, हे ज्या घरांना माहीत आहे त्यांना या खुर्चीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९३९ साली या मुलाने रेडिओवर सिनसिनाटी केंद्रावरून मर्ल ट्रॅव्हिस नावाच्या वादकाची गिटार ऐकली. एकाच गिटारमधून ठेकाही येत होता आणि चालही! प्रत्यक्ष हात तर दिसत नव्हता. ट्रॅव्हिस वाजवायचा अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी. पोराला ते कसे कळावे? त्याला वाटले, एवढे सूर काढायला अंगठ्याबरोबर निदान दोन-तीन बोटे तरी लागत असणार. मग त्याने तसा हात बसवला. गैरसमजातून नवी शैली जन्माला आली, आणि ती मूळ शैलीपेक्षा अधिक स्वर एका वेळी पेलणारी निघाली.

आपल्याकडे कीर्तनकार एका हातात एकतारी, दुसऱ्या हातात चिपळ्या आणि मुखी अभंग असे तिन्ही सांभाळतो. ॲटकिन्सने ते तिन्ही एका उजव्या हातात आणले. अंगठा जाड तारांवर आलटून पालटून खर्ज देतो. तळहाताची कड त्या तारांवर हलकेच टेकलेली असते, म्हणजे खर्ज घुमत न राहता ठेक्यासारखा वाजतो. वरच्या तारांवर बोटे मोकळी राहतात, ती गाणे म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते दोघेजण वाजवताहेत. आजोबा फसले ते याच जागी.

रेडिओ हाच गुरू मानून शिकलेला हा एकलव्य. महाभारतातल्या एकलव्याला गुरुदक्षिणेत अंगठा द्यावा लागला. या एकलव्याची तर सारी विद्याच अंगठ्यात होती, आणि त्याच्या गुरूने ती मागितली नाही. उलट १९७४ साली गुरू-शिष्यांनी मिळून एक रेकॉर्ड काढली, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ॲटकिन्सने आपल्या मुलीचे नावही मर्ल ठेवले होते.

ऋण फिरून आले

पण ही विद्या ट्रॅव्हिसचीही एकट्याची नव्हती. तो केंटकी राज्यातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या तिथल्या दोन वादकांकडून त्याने अंगठ्याचे काम उचलले. त्यांच्याकडे ते केनेडी जोन्सकडून आले होते, आणि या साऱ्यांच्या मुळाशी त्या भागात वाजवत फिरणारा आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक होता. १९३१ साली तो वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही, फक्त हात मागे राहिला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला.

यातल्या आइक एव्हर्लीचे दोन मुलगे, डॉन आणि फिल. त्यांना गाण्यात नाव काढायचे होते. नॅशव्हिलमध्ये त्यांच्यासाठी शब्द टाकला तो ॲटकिन्सने. त्यांना योग्य माणसांशी गाठ घालून दिली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांत गिटारही वाजवली. हेच पुढे जगप्रसिद्ध झालेले एव्हर्ली ब्रदर्स. ज्या घरातून विद्या निघाली, त्याच घराच्या पुढच्या पिढीला तिची फेड पोहोचली!

सुरुवातीच्या दिवसांत ॲटकिन्सला एकाहून अधिक रेडिओ केंद्रांनी कामावरून काढून टाकले होते. का? तर त्याचे वाजवणे 'पुरेसे कंट्री' वाटत नव्हते म्हणून. पुढे ज्याच्यावर कंट्री बाटवल्याचा ठपका आला, त्याच्या सुरुवातीच्या काही नोकऱ्याही त्याच ठपक्याखाली गेल्या होत्या. तो जाझ ऐकायचा, शास्त्रीय गिटार ऐकायचा, जे आवडेल ते बोटांत घ्यायचा. म्हणजे शहराकडचा ओढा कंपनीच्या खुर्चीने त्याला शिकवला असे नाही. तो मुळातच त्याच्या कानात होता. १९५० साली मदर मेबेल कार्टर आणि त्यांच्या मुलींच्या ताफ्याबरोबर तो नॅशव्हिलला आला, तेव्हा कुठे त्याचे बस्तान बसले. १९५६च्या जानेवारीत एल्व्हिसचे 'हार्टब्रेक हॉटेल' तिथे ध्वनिमुद्रित झाले, त्यातही साथीला ॲटकिन्सची गिटार होती.

खुर्चीवर बसलेला वादक

कलावंत अधिकाराच्या खुर्चीवर बसला की त्याच्याकडे संशयाने पाहण्याची आपलीही रीत आहे. पण खुर्चीवर बसून त्याने काय केले, तेही पाहावे लागते.

मुंबईत एचएमव्ही कंपनीत जी. एन. जोशी होते. भावगीतगायक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. कंपनीत मात्र त्यांनी दुसऱ्यांची गाणी आणि वादने टिपून ठेवण्यात उमेद वेचली. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे निर्माते जोशीच. तिच्यात शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरासियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. 'गिटारवर कुठे राग वाजतो?' असे म्हणणाऱ्यांना त्या एका तबकडीने उत्तर दिले. शुद्धतेच्या नावाखाली १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती जवळजवळ तीस वर्षे टिकली, हेही विसरता येत नाही. पेटीशिवाय मराठी नाट्यसंगीत आज कोणी कल्पून तरी पाहील काय? शुद्ध काय आणि भ्रष्ट काय, याचा निकाल त्याच पिढीत लावला तर तो पुष्कळदा चुकतो.

ॲटकिन्सने खुर्चीवरून केलेले सर्वांत धाडसाचे काम चार्ली प्राइडचे. प्राइड कृष्णवर्णीय. पूर्वी बेसबॉल खेळलेला, मोंटाना राज्यात धातू वितळवण्याच्या भट्टीवर राबलेला. आवाज अस्सल कंट्री गायकाचा. पण कंट्री हा गोऱ्यांचा गड, आणि काळ १९६५चा. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णद्वेषाच्या विरोधातला लढा ऐन भरात होता. ॲटकिन्सने कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना आधी नुसता आवाज ऐकवला. सगळ्यांना तो पसंत पडला, तेव्हा गायक कोण आहे ते सांगितले. करार झाला. १९६६ साली पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा रेडिओ केंद्रांना गायकाचे छायाचित्र पाठवले नव्हते. लोकांनी आधी कानांनी निवाडा करावा, हा हेतू. १९७१ साली हाच प्राइड कंट्री संगीत संघटनेचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' ठरला. २००० साली कंट्रीच्या मानाच्या दालनात त्याला स्थान मिळाले.

ज्याच्यावर कंट्रीची मुळे तोडल्याचा आरोप, त्याने तिचे एक बंद दार उघडून दिले. ते दार ज्या वंशाच्या माणसासाठी उघडले, त्याच वंशाच्या शुल्ट्झच्या अंगठ्यातून ही सारी विद्या आली होती. हा जमाखर्च मांडताना नावे आणि जमा दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

पदवी न देणारे विद्यापीठ

सगळ्यात भक्कम साक्ष मात्र श्रोत्यांची नाही, टीकाकारांचीही नाही. ती त्याच्याच क्षेत्रातल्या माणसांची आहे. भाऊबंदांत भाव मिळणे सर्वांत अवघड, हे कुठल्याही धंद्यात खरे आहे.

बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन १९६४च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या दूरदर्शनवर पहिल्यांदा झळकला, तेव्हा त्याच्या गळ्यात ग्रेच कंपनीची 'कंट्री जेंटलमन' ही गिटार होती. ती ॲटकिन्सच्या नावाने निघालेल्या गिटारींपैकी. दोन वर्षांनी ॲटकिन्सने बीटल्सच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, तिच्या वेष्टनावरचा मजकूर हॅरिसनने लिहून दिला. हाच हॅरिसन त्याच वर्षी पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला भारतात आला होता. ब्रिटनच्या मार्क नॉफ्लरने १९९० साली ॲटकिन्सबरोबर 'नेक अँड नेक' ही ध्वनिमुद्रिका केली. विद्युत गिटारच्या आद्य कारागिरांपैकी एक असलेल्या लेस पॉलबरोबर १९७६ साली त्याने 'चेस्टर अँड लेस्टर' केली. जेरी रीड हा वयाने लहान. पण त्याच्या रचना ॲटकिन्सने स्वतः बसून शिकून घेतल्या, वाजवल्या आणि १९७० साली त्याच्याबरोबर बरोबरीच्या नात्याने रेकॉर्ड काढली. मोठा वादक धाकट्याकडून शिकायला बसतो, ही गोष्ट आपल्याकडेही वारंवार घडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टॉमी इमॅन्युएल नावाच्या मुलाने रेडिओवर ॲटकिन्सला ऐकून गिटारचा ध्यास घेतला. त्याने समुद्रापलीकडे पत्र धाडले. उत्तर आले! पुढे १९८० साली दोघांची नॅशव्हिलला भेट झाली आणि १९९७ साली त्यांची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली. ज्याला शिकताना रेडिओवरचा गुरू दिसला नव्हता, तो आता दुसऱ्या कुणाचा तरी रेडिओवरचा गुरू झाला होता. फरक एवढाच की याने पत्राला उत्तर लिहिले.

एचएसआर लेआउटमध्ये दारोदारी नावापुढे पदव्या दिसतात. ॲटकिन्सला कुठल्या संगीत महाविद्यालयाची पदवी नव्हती. म्हणून त्याने गमतीने स्वतःच आपल्या नावापुढे 'सी. जी. पी.' अशी अक्षरे लावायला सुरुवात केली. अर्थ काय, तर 'प्रमाणित गिटारवादक'! पुढे ही थट्टेतली पदवी त्याने फक्त चौघांना दिली: जेरी रीड, स्टीव्ह वॉरिनर, जॉन नोल्स आणि टॉमी इमॅन्युएल. यांतले नोल्स तर पदार्थविज्ञान शिकलेले. हसत दिलेली पदवी जगभरचे वादक गंभीरपणे का घेतात? देणाऱ्याच्या हाताची खात्री होती म्हणून.

आरसीए कंपनी मनासारखे जाझ वाजवू देईना, म्हणून १९८२ साली ॲटकिन्सने ती सोडली. वय ५८. ज्याला फक्त नाण्यांचाच खुळखुळाट ऐकू येतो, तो माणूस या वयात जमलेले आसन सोडत नाही. ३० जून २००१ रोजी नॅशव्हिलमध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्याच्या नावावर १४ ग्रॅमी पुरस्कार जमा होते. पुढच्या वर्षी रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनातही त्याचे नाव लागले. ज्या लाटेपासून कंट्रीला वाचवण्यासाठी त्याची धडपड होती, त्या लाटेच्या लोकांनीही त्याला आपले मानले.

जिम रीव्ह्जचे गुपित

पुन्हा त्या घरात यावे. नातीने एव्हाना हे सारे बाबांना सांगितले आहे. बाबा पुरते पटल्यासारखे दिसत नाहीत. "फिडल काढायला नको होती," ते म्हणतात. तेही खरेच आहे. एवढा मतभेद घरात असायला हरकत नाही.

आजोबा मात्र गप्प आहेत. बेळगावच्या कॅम्प भागात त्यांचे तरुणपण गेले. डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घरांतून जिम रीव्ह्जचा खर्जातला आवाज यायचा, तो त्यांना आठवतो आहे. गोव्यात, बेंगळुरूच्या कँटोन्मेंटमध्ये, मुंबईच्या वांद्र्यातही तो आवाज घरोघर पोहोचला होता. १९६४ साली विमान अपघातात रीव्ह्ज गेला, पण इकडच्या नाताळातून तो काही गेला नाही.

"आजोबा, ती रेकॉर्ड कोणी करवून घेतली होती, माहीत आहे?" नात विचारते.

"कोणी?"

"चेट ॲटकिन्सनी. रीव्ह्जला असं हळू, जवळून गाऊ दिलं ते त्यांनीच."

आजोबा क्षणभर नातीकडे पाहतात. इंग्रजीचा गंध नसलेल्या त्यांच्या आईलाही तो आवाज आवडायचा. भाजी निवडता निवडता ती थांबायची आणि म्हणायची, "काय म्हणतो कोण जाणे, पण मायेनं म्हणतो." टेनेसीच्या डोंगरातले ते गाणे सूटबूट चढवून शहरात आले नसते, तर बेळगावच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले असते का?

"वाजव बघू पुन्हा," आजोबा म्हणतात. "या वेळी मी फक्त तुझ्या अंगठ्याकडे बघतो."

नात खुर्ची ओढून बसते. तळहाताची कड तारांवर टेकते आणि अंगठा चालू लागतो.